सोलापूरच्या पलीकडची लेक

पेठ वडगावात ज्याला म्हणून पातं आहे अशा कुठल्याही वस्तूला धार लावायची असली, मग ती खाटकाची सुरी असो, शिंप्याची कात्री असो की ऊसतोडीचा कोयता, माणूस गौस शिकलगारकडे जातो. दुकान म्हणजे बाजारपेठेच्या तोंडाशी एक चिंचोळी खोली, मोटारीवर फिरणारा दगड आणि दगडामागे बसलेला गौस. वय पन्नाशीच्या पुढे, दाढी मेंदीने लाल, आणि तोंड फटकळ. पात्यात दम नसला तर तो गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, "पावणं, ह्याला धार बसणार न्हाय. मी बसवली म्हणून सांगितलं तर मला पाप लागंल. घरला न्या आणि खुंटीला अडकवा." गिऱ्हाईक तणतणत जातं आणि पुढच्या खेपेला पुन्हा गौसकडेच येतं. वडगावात गौसची धार आणि गौसचा शब्द या दोन गोष्टी कुणी दुसऱ्यांदा तपासून बघत नाही.

हे झालं पोटाचं काम. त्याचा जीव मात्र घराच्या गच्चीवर असतो. तिथे त्याची ढाबळ आहे आणि ढाबळीत वीस-बावीस शर्यतीची कबुतरं. ही कबुतरं लांब नेऊन सोडायची आणि घरी आभाळाकडे बघत बसायचं, एवढाच हा खेळ. ज्याचं कबुतर आधी आपल्या ढाबळीत उतरलं तो जिंकला. परक्या माणसाला यात काय मजा आहे ते कळत नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस ईर्षेशिवाय चहासुद्धा पीत नाही, तिथे कबुतरं उगीच कोण पाळेल? गौसची ईर्षा कृष्णात चौगुलेशी. कृष्णात गुळाचा ट्रक चालवतो, त्याची ढाबळ मळ्याच्या वाटेवर आहे, आणि हे दोघे गेली पंचवीस वर्षं एकमेकांच्या कबुतरांना नावं ठेवत एकमेकांच्या घरी जेवत आलेत.

कबुतरांच्या नादाने गौसचा भूगोलच वेगळा होऊन बसला होता. किलोमीटर सांगितले तर त्याला कळायचे, पण पटायचे नाहीत. हातकणंगले म्हणजे चहा गाळून होईपर्यंत. जयसिंगपूर म्हणजे एका कोयत्याला धार लागेपर्यंत. आणि सोलापूर म्हणजे दिवस उगवताना सोडलेलं कबुतर, न्याहारी जिरून जेवणाची आठवण व्हायच्या सुमाराला गच्चीवर. सोलापूर ही त्याची हद्द. त्याच्या पलीकडे त्याने कधी कबुतर पाठवलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी सोलापूरच्या पलीकडे जे काही होतं ते सगळं सारखंच लांब होतं. गुलबर्गाही लांब आणि दिल्लीही लांब.

या भूगोलातूनच त्याने एक नियम काढला होता आणि तो कुणी विचारो न विचारो, सांगत असे. "कबुतर एका दिवसात माघारी येतंय, तिथंवरच लेक द्यायची. त्याच्या फुडं दिली की ती लेक ऱ्हात न्हाय, फोटो हुती."

लेक त्याला एकच, नुजहत. ती वाढली गच्चीवरच. बाकीच्या पोरी भातुकली खेळत होत्या तेव्हा ही ज्वारीचे दाणे ओंजळीत धरून ढाबळीत बसायची. कुठलं कबुतर किती दमून आलंय ते पंखाच्या लोंबण्यावरून सांगायची. गौसला तिचं केवढं कौतुक. पण पोरगी शिकली, कोल्हापुरात औषधशास्त्राची पदवी घेतली, आणि नोकरी लागली ती नेमकी हैदराबादला. नोकरीपाठोपाठ तिथलंच स्थळ आलं. फरहान तिच्याच कंपनीत होता, मुलगा गुणी, घर चांगलं, खोट काढायला जागा नव्हती. गौसने ती बरीच शोधली.

साखरपुड्याला पाहुणे वडगावात आले. फरहानने सासऱ्याचा चेहरा पाहिला, कारणही त्याच्या कानावर होतंच. बिचाऱ्याने चांगल्या मनाने मोबाईल काढून दाखवला. कोल्हापूर ते हैदराबाद आकाशातून जेमतेम साडेचारशे किलोमीटर. विमानाला लागतात एक तास दहा मिनिटं. तुमची लेक एक तास दहा मिनिटांवर आहे असंच समजा, असं तो त्याच्या हैदराबादी उर्दूत अदबीने म्हणाला.

गौसने विचारलं, विमान वडगावात उतरतं काय? मग त्याने बोटांवर मोजायला घेतलं. वडगावातून उजळाईवाडीच्या विमानतळाला जायचं म्हणजे हायवेवर कामं चाललेली, तासभर धरायचा. तिथे दोन तास आधी जाऊन बसायचं. तिकडे उतरल्यावर पेटीची वाट बघायची. आणि हैदराबादचा विमानतळ गावापासून एवढा लांब, असं त्याने ऐकलं होतं, की तिथून घरी जाईपर्यंत माणसाला पुन्हा भूक लागावी. तेव्हा एक तास दहा मिनिटं हा हिशेब विमानाचा झाला, माणसाचा नव्हे. विमान काही माणसाला घरातून उचलत नाही आणि घरात ठेवत नाही. कबुतर मात्र छपरावरून छपरावर येतं.

इथवर सगळे हसत होते. गौसही हसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण भरल्या मांडवात चार माणसं आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस मागे हटत नाही. गौस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझं कबुतर हैदराबादवरनं दिस मावळायच्या आत माझ्या ढाबळीत उतरंल, तवाच मी हैदराबादचा उंबरा चढणार. तंवर न्हाय."

हुसेनबीने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला. तिला आपला नवरा ठाऊक होता. शब्द गेला म्हणजे गेला.

लग्न वडगावात झालं, ते पार पडलं. पण वलीम्याचं, म्हणजे नवऱ्याकडचं, जेवण हैदराबादला होतं आणि त्याला गौस गेला नाही. सगळं वऱ्हाड गाडीत बसलं, कृष्णातसुद्धा नवा सदरा घालून बसला, आणि नवरीचा बाप दुकानात कोयत्यांना धार लावत राहिला. ते नुजहतच्या मनाला फार लागलं. तिने तिकडून फोनवर सांगितलं की मीही गौस शिकलगारचीच लेक आहे, अब्बा माझ्या दारात आल्याशिवाय मी वडगावात पाऊल टाकणार नाही. झालं. एका घरात एक हट्टी माणूस पुरे असतो, इथे दोन निघाले. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. बापलेक रोज फोनवर बोलायचे, कोणत्या कबुतराने अंडी घातली, फरहानला भाकरी थापता येते की नाही, सगळं बोलायचे. फक्त भेटायचे नाहीत. हुसेनबी वर्षातून दोनदा गाडीत बसून जायची आणि आल्यावर चार दिवस नवऱ्याशी बोलायची नाही.

गौस हातावर हात ठेवून बसला नव्हता हेही सांगायला हवं. पहिल्या वर्षी त्याने आपला सगळ्यात दांडगा नर कृष्णातच्या ट्रकमधून हैदराबादला पाठवला. तो आजतागायत आलेला नाही. दुसऱ्या वर्षी दुसरं कबुतर पाठवलं, ते नवव्या दिवशी उतरलं, तेही अर्धी पिसं झडलेलं, जणू पायी चालत आलं होतं. त्याच्याकडे बघून गौसला रडू फुटलं. आपल्या तोंडाच्या वाफेपायी मुकं पाखरू मरायला टेकलं, असं तो हुसेनबीला म्हणाला. त्यानंतर त्याने हैदराबादचं नाव काढलं नाही. शब्द मात्र होता तिथेच होता.

मग तमन्ना झाली. बाळंतपणाला हुसेनबीच तिकडे गेली आणि बाळंतिणीचे चाळीस दिवस करून आली. गौसने नातीला पाहिलं ते मोबाईलवर. पोरगी बाळसेदार, डोळे हुसेनबीचे, आणि गौसने कबुतरासारखं घुमून दाखवलं की खुदुखुदु हसणार. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी हा दगड बंद करून फोनसमोर घुमत बसायचा. बाजारातल्या लोकांनाही त्याची सवय झाली.

ती सात महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. गौस असाच घुमत होता, आणि तमन्नाने हात पुढे करून तिकडचा फोन पकडला. पडदाभर तिचा पंजा झाला, गुलाबी आणि अंधारा. नुजहत तो सोडवायला धडपडत होती, हसत होती. इकडे गौस त्या पंजाकडे बघत राहिला आणि त्याने आपलं बोट काचेवर टेकवलं. काच गार होती. फोन संपल्यावर त्याने दुकान बंद केलं, भर बाजाराच्या दिवशी, आणि सरळ गच्चीवर गेला. खाली आल्यावर म्हणाला, या खेपेला दुलारी जाईल.

दुलारी ही त्याची राखी रंगाची मादी. सोलापूरवरून वेळेवर येण्यात तिच्यासारखी दुसरी नव्हती. हुसेनबी म्हणाली, तिच्या घरट्यात पिल्लू आहे की चार दिवसांचं. गौस म्हणाला, म्हणूनच. कबुतरवाल्यांना हे माहीत असतं. घरट्यात पिल्लू असलं की मादी वारं बघत नाही, ऊन बघत नाही, तहान बघत नाही. जीव खाऊन घराकडे सुटते. हैदराबाद कुणाला जमेल तर तिलाच. आणि नाही जमलं तर काय, हे गौसलाही कळत होतं. त्या रात्री तो जेवला नाही.

कृष्णातचा गुळाचा ट्रक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हैदराबादला निघायचा होता. तो दुलारीची टोपली न्यायला गच्चीवर आला आणि आधी घरट्यात वाकून बघत राहिला. पिल्लाला अजून पिसंसुद्धा फुटली नव्हती.

"गौशा, चार दिसाचं पिल्लू हाय रं," तो म्हणाला.

"बाप हाय की त्याला," गौस म्हणाला.

कबुतरांत बापही पिल्लाला भरवतो, म्हणजे बोलणं खोटं नव्हतं. कृष्णात मात्र टोपली घेऊन सरळ उतरला. एरवी गौसच्या कबुतरात दहा खोडी काढणाऱ्या या माणसाने आज एकही काढली नाही. हुसेनबी त्याला ट्रकपर्यंत पोचवायला गेली आणि बराच वेळ बोलत उभी राहिली. गौसने वरून पाहिलं. त्याला वाटलं, वाटेत खायला भाकरी देत असेल.

सकाळी सात वाजता नुजहतचा फोन आला. कृष्णातकाका पहाटेच पोचले, आत्ताच गच्चीवरून दुलारीला सोडली, असं तिने सांगितलं. दोन गिरक्या घेतल्या, मग पाण्याच्या टाकीवरून पश्चिमेला वळली, आभाळ मोकळं आहे, वारं मागून आहे, शेजारची पोरंसुद्धा बघायला आली होती. एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं. गौसला बरं वाटलं. त्याने मनात हिशेब मांडला. वारं खरंच मागून असेल तर दुपारची नमाज होऊन चहाची वेळ होईल तेव्हा, नाहीतर दिवस कलताना. तोवर गच्चीवर बसून काय करायचं म्हणून तो दुकानात गेला आणि एका शिंप्याची कात्री हातात घेऊन बसला. कात्रीला धार लागेना, कारण दर दोन मिनिटांनी तो उठून दारातून आभाळ बघत होता. शिंप्याला त्याने उद्या यायला सांगितलं.

दहा वाजून गेले होते. गौस पाणी बदलायला म्हणून गच्चीवर आला होता. पूर्वेकडून एक ठिपका आला, मोठा झाला, त्याने पंख मिटले आणि ढाबळीच्या फळीवर टप्प असा आवाज झाला. दुलारी. ती थेट आत घुसली आणि पिल्लाला चोचीत चोच घालून भरवायला लागली.

गौसच्या डोळ्यांत पाणी आलं. आली, आली माझी बाय, असं तो पुटपुटला, आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यातला तीस वर्षांचा कबुतरवाला जागा झाला. सात वाजता हैदराबाद आणि दहा वाजून गेल्यावर वडगाव? एवढ्या वेळात तर कबुतर अर्ध्या वाटेवरही येत नाही. त्याने दुलारीला हळूच हातात घेतलं. पंख थोडे लोंबलेले, पण थोडेच. छातीचे ठोके जोरात, पण सोसतील इतके. पाण्याच्या भांड्यात तिने चार वेळा चोच बुडवली आणि बस्स. हैदराबादवरून आलेलं पाखरू पाण्यात मान घालून बसलं असतं, उभं राहता आलं नसतं त्याला. हे दमणं गौसच्या ओळखीचं होतं. हे सोलापूरचं दमणं होतं.

तो ढाबळीच्या दारात बसला. एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. काल ट्रकपाशी हुसेनबी एवढा वेळ काय बोलत होती. लहानपणापासून खोटं बोलताना नुजहत गरजेपेक्षा दुप्पट सांगते, तर आज सकाळी तिने पाण्याची टाकी आणि शेजारची पोरं कशाला सांगितली. कृष्णात हैदराबादला पहाटे पोचणारच कसा, संध्याकाळी निघालेला लादलेला ट्रक. तो सोलापूरला थांबला असणार. दुपारपर्यंत थांबून मग सोडायचं, म्हणजे वेळ बरोबर जुळेल, असंच ठरलं असणार, कृष्णातला काय हिशेब कळत नाही होय? पण टोपलीत पिल्लाची आई सारखी घुमतेय, बारीक दांड्यांतून चोच बाहेर काढतेय, आणि समोर लख्ख उजाडलंय. कुठला कबुतरवाला दुपारपर्यंत थांबेल? कृष्णातच्या हाताने टोपली आपोआप उघडली असणार. गौसला आधी राग आला, सणकून आला. सगळ्यांनी मिळून आपल्याला लहान पोरासारखं गुंडाळलं. मग त्याने स्वतःलाच विचारलं, तू असतास तर थांबला असतास? आणि त्याचा राग उतरला.

एवढ्यात हुसेनबी जिना चढून आली. तिने दुलारीला पाहिलं, मग नवऱ्याला पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिलाही वेळ कळत होती. कबुतरवाल्याच्या घरात तीस वर्षं काढली होती तिने. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

खाली गल्लीत बातमी आधीच पोचली होती. शेजारच्या धोंडुबाईने दुलारीला फळीवर उतरताना पाहिलं होतं. ही म्हातारी एरवी गौसच्या कबुतरांना शिव्या घालायची, तिचे वाळत घातलेले सांडगे ती टोचतात म्हणून. पण आज तीच अंगणातून हाक मारत होती, आणि तिच्यामागे दहा-बारा माणसं माना वर करून उभी होती.

"गौस, आली का रं?" धोंडुबाईने विचारलं.

आता बोलायला हवं होतं. गौसने कठड्याला हात टेकला. आयुष्यात त्याने बोथट पात्याला धारदार म्हटलं नव्हतं. आत्ता खरं सांगितलं तर शब्द राहतो, आणि तमन्नाचा पंजा काचेपलीकडेच राहतो. खोटं सांगितलं तर नात मिळते, पण उद्यापासून कुठल्या तोंडाने गिऱ्हाइकाला सुनावायचं? गौसला त्या क्षणी स्वतःच्या जिभेचा असा संताप आला की ती दगडावर धरून घासावीशी वाटली. खाली माणसं थांबली होती. मागे हुसेनबी थांबली होती.

"आली की," गौस म्हणाला.

एवढंच. कुठून आली ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. विचारायची गरजच नव्हती. गल्लीने जल्लोष केला, कुणीतरी पेढे आणायला धावलं, आणि अर्ध्या तासात बाजारपेठेत झालं होतं की गौसभाईचं कबुतर विमानालाही भारी ठरलं.

हुसेनबीने सुटकेचा श्वास टाकला आणि उद्या दुपारच्या विमानाची तिकिटं आहेत असं सांगितलं. कधी काढली, असं गौसने विचारल्यावर ती म्हणाली, आत्ताच. जिला मोबाईलवर फोन घेण्यापलीकडे काही येत नाही ती बाई जिना चढता चढता विमानाची दोन तिकिटं काढते, हे गौसने मुकाट्याने ऐकून घेतलं. खोलीत येऊन पाहतो तर त्याचा पांढरा झब्बा इस्त्री करून ठेवलेला आणि पेटीला कुलूपसुद्धा लागलेलं.

दुसऱ्या दिवशी कबुतरांचं दाणापाणी धोंडुबाईच्या गळ्यात घालून दोघं निघाली. विमानतळावर गौसची पेटी तपासली गेली, पट्टा काढून घालावा लागला, आणि नुसतं बसून बसून कंबर धरली. विमान अर्धा तास उशिरा सुटलं. पण एकदा वर गेल्यावर गौसने खिडकीला जे नाक लावलं ते उतरेपर्यंत काढलं नाही. खाली उसाचे पट्टे, मग नदी, मग माळरानच माळरान. रस्ते दिसत होते, पण ते वळत होते, अडत होते, गावांना वळसे घालत होते. विमान कशालाच वळसा घालत नव्हतं. दुलारीला रोज असं दिसत असणार, असं त्याच्या मनात आलं. खाली कुठेतरी सोलापूरही गेलं असेल. ते नेमकं कधी मागे पडलं ते त्याला कळलं नाही, आणि त्याची हद्द अशी न कळताच ओलांडली गेली याचं त्याला जरा हसू आलं.

विमानतळावर फरहान न्यायला आला होता. त्याने सासऱ्याचे हात हातात घेतले. गाडीत बसल्यावर गौसने त्याला ऐकवलंच की तुझं एक तास दहा मिनिटं सकाळी दहाला वडगावात सुरू झालं आणि आता दिवस मावळायला आला तरी संपायचं नाव नाही. फरहान पोट धरून हसला आणि म्हणाला की आजचं विमान आणि कबुतर यांची शर्यत लावली असती तर कबुतरच जिंकलं असतं. त्यावर गौस खिडकीबाहेर बघायला लागला. हुसेनबीने लगेच हैदराबादच्या रहदारीचा विषय काढला.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दार उघडंच होतं आणि दारात नुजहत उभी होती, कडेवर तमन्ना. तीन वर्षांनी गौस लेकीला समोर बघत होता. ती थोडी वाळली होती, चष्मा लागला होता.  गौस पुढे झाला, पण तिने दारातच हात आडवा केला.

"अब्बा, थांबा. उंबरा चढायच्या आधी मला एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "न्हायतर मला झोप लागायची न्हाय."

मागे फरहानने पेटी खाली ठेवली. हुसेनबीने डोळे मिटून घेतले. गौसला लेकीचा भारी अभिमान वाटला. बोथट पात्याला धारदार म्हणायचं नाही, हे पोरगी त्याच्याच दुकानात शिकली होती. तिने श्वास घेतला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गौसने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय बी सांगू नगंस, बाळा," तो म्हणाला. "दुलारी आली, एवढंच मला ठावं हाय. तू सांगितलंस तर मला हितनंच माघारी जायला लागंल."

नुजहत बापाकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. तिला कळलं की त्याला सगळं कळलंय, कालच, दुलारीला हातात घेतल्याबरोबर कळलंय. तिने उघडलेलं तोंड मिटलं, आडवा हात काढला आणि तमन्नाला त्याच्या हातात दिलं. पोरीने त्याची लाल दाढी मुठीत पकडून ओढली. गौसने उजवं पाऊल उचललं आणि उंबरा चढून तो आत गेला.